आमाले तुमचा एक पैसा नको

माइक हातात आला की उकंडाजी आधी त्याच्या टाळक्यावर दोन टिचक्या मारायचे. टक, टक. मग घसा साफ करायचे. रेतीच्या ढिगावरून फावडं ओढावं तसा आवाज यायचा. मग, "हॅलो... हॅलो... मांगं आवाज येऊन राह्यला का?" मागचे "येऊन राह्यला, येऊन राह्यला" म्हणून ओरडले तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. "त्या लिंबाखालच्या लोकाईले येऊन राह्यला का?" लिंबाखालच्यांनी हात वर केला की मगच गाडी सुरू. बाभुळगावात कोणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन असो, कोणाचं नामकरण असो, कोणाच्या पोराला नोकरी लागल्याचा सत्कार असो, उकंडाजींचे 'दोन शब्द' ठरलेलेच. दोन शब्द म्हणजे अर्धा तास. गेलेला माणूस जिवंतपणी कसाही वागलेला असो, उकंडाजींच्या तोंडून निघाला की त्याच्या बायकोलाही वाटायचं, असा होता का हा माणूस?

खरा धंदा गवंड्याचा. बाभुळगावातली कितीतरी घरं त्यांच्या थापीखालून गेलेली. त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. एका मास्तरांच्या घराची भिंत छातीपर्यंत आली होती. जेवण करून उकंडाजी परत आले, ओळंबा सोडला, एक डोळा बारीक केला, आणि सब्बल घेऊन आपलीच भिंत पाडायला लागले. मास्तर धावत आले. "अहो मिस्त्री, बोटभर वाकडी असेल! गिलाव्यात झाकून जाईल!" उकंडाजी म्हणाले, "गिलावा तुमाले झाकन, मास्तर. मले दिसतेच ना." त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली नाही. ही गोष्ट उकंडाजी स्वतःही सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

त्यांची बायको मथुराबाई मात्र या सगळ्याला भुलणारी नव्हती. "घरात या मानसाचं तोंड उघडत नाही," ती शेजारणींना सांगायची, "भाजीत मीठ कमी पडलं त नुसती मान हालवते. मी म्हनते एखांदा भोंगा आनून चुलीपाशी ठेवाव. मंग बोलतीन."

लेक एकच, दीपमाला. बापाच्या अगदी उलट. ती घरात आहे की नाही हे शिलाई मशीन चालली तरच कळायचं. तिला बोरी अरबच्या राजदीपकडे दिली. राजदीपचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, माइक आणि लाउडस्पीकर घरचे. मथुराबाई म्हणायची, "यायनं पोट्टा नाही पाह्यला, भोंगे पाह्यले."

लग्नानंतर काही वर्षं बरी गेली. पायल झाली. मग राजदीपने धंद्यासाठी म्हणून यवतमाळला खोली केली, आणि त्या खोलीत एक बाई राहायला आली. दीपमालाने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, थो आता घरी येत नाही."

तेव्हा बोरी अरबला समाजाची, सोडचिठ्ठीची बैठक बसली.

इकडे लग्नात लेकीला आंदण देतात ते भांड्यांवर नाव टाकून. भांडेवाला ते खटखट वाजणारं यंत्र घेऊन बसतो आणि पाण्याच्या गुंडापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर कोरतो: 'दीपमाला हिस आईवडिलांकडून सप्रेम भेट'. सोडचिठ्ठी झाली की तीच भांडी बैठकीत एकेक करून परत निघतात. एक जण नाव वाचतो, दुसरा गाडीत चढवतो, आणि पातेल्यांतला शेवटचा गंज गाडीत गेला की लोक हात झटकून उठतात. भांडे उचलले, मिटलं. आता ना तुझं माझ्याकडे, ना माझं तुझ्याकडे. ही समजूत इतकी मुरलेली, की तिच्याबद्दल कधी कोणाला शंकाच आली नव्हती. उकंडाजींना तर नाहीच नाही. त्यांनी स्वतः दोन-चार बैठकांमध्ये अशी भांडी मोजून दिली होती.

तिथल्या बुद्धविहाराच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष पुढे, बाया मागे भिंतीला लागून. माइकही होता, राजदीपचाच. भांडी चढत होती. आलमारी चढली, कूलर चढला. तेवढ्यात राजदीपचा काका बोलला. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा सांडू नये म्हणून तो मान वर करून, आभाळाकडे पाहत बोलायचा, आणि त्याच्या तोंडून 'प' निघायचा नाही, 'फ' निघायचा.

"घ्या ना मंग फोटगी-बिटगी काय अशन थे. फोट्टीच्या दुधाफान्याले. आमी का नाही म्हनून राह्यलो? भिकाऱ्याले बी देतो आफुन."

उकंडाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले. माइक घेतला. या वेळी टिचक्या नाहीत, हॅलो नाही, लिंबाखालच्यांची चौकशी नाही.

"ऐका! आमाले तुमचा एक पैसा नको! माह्या घरी माह्या लेकीची भाकर मले जड नाही! आमाले तुमचा एक पैसा नको!"

काय टाळ्या पडल्या! त्यांच्याकडच्यांनी वाजवल्या, राजदीपकडच्यांनी तर जास्तच वाजवल्या. बाभुळगावचा चहावाला देवराव बैठकीला सोबत आला होता. त्याने तर शिट्टी मारली. मग स्टॅम्पपेपर आला. 'मुलीकडील मंडळींची पोटगीबाबत कोणतीही मागणी नाही' असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. दीपमालाला सांगितलं तिथे तिने सही केली. गाडी निघाली. राजदीपचा काका आभाळाकडे पाहून म्हणाला, "मानूस असावा त असा!"

कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच रात्री सगळ्यांच्या स्टेटसवर. मागे ढोल लावलेला. उकंडाजींनी शेजारच्या पोराकडून तो आपल्या फोनमध्ये घेतला. जेवण झालं की खाटेवर पडून पाहायचे. नंतर पुन्हा पाहायचे.

आठवडाभर गाव त्यांना बघून उभं राहत होतं. नंतर ते वाक्य उकंडाजींच्या हातून सुटलं आणि गावाचं झालं. देवरावच्या टपरीवर कोणी उधारी मागितली की पोरं एक हात कमरेवर, एक बोट वर, घसा रेतीसारखा ओढून: "आमाले तुमचा एक पैसा नको!" क्रिकेटमध्ये कोणी नो-बॉल मागितला की तेच. कंडक्टरने सुटे परत दिले तरी तेच. देवराव तर चहाचे सुटे देताना उकंडाजींनाच म्हणायचा, "घ्या उकंडाजी. का नको?" आणि कपबशा हालेपर्यंत हसायचा. उकंडाजीही हसायचे. आधी मनापासून, मग तोंडापुरतं.

कारण घरात आलेली भांडी कोणाचं पोट भरत नव्हती. आलमारी दारात मावली नाही म्हणून अंगणात उभी. तिच्यावर मथुराबाईने जुनं लुगडं टाकलेलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारू नये. उकंडाजींचे गुडघे गेलेले, परांचीवर चढणं बंद. दीपमाला ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. लगनसराईत मशीन थांबायची नाही, आषाढात तिच्यावर मांजर झोपायचं. माह्या लेकीची भाकर मले जड नाही, असं माइकवर म्हटलेल्या माणसाच्या घरात ती भाकर लेकच कमवत होती. हे उकंडाजींना दिसत नव्हतं असं नाही. ओळंब्याचा डोळा तो. पण त्यांनी त्यावर गिलावा मारून ठेवला होता.

एका संध्याकाळी दीपमाला कोर्टाच्या बाजूने घरी आली. पाय धुतले, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मी वकीलबाईकडे गेलती. सरकार फुकटात वकील देते ना, त्या. पोटगीचा अर्ज टाकला."

उकंडाजींच्या हातातला घास ताटात पडला.

"काय टाकला?"

"अर्ज. पायलचा आन् माहा."

"भांडे आनले ना आपुन?"

"आनले."

"मंग?"

उत्तर मथुराबाईने दिलं. तीही सोबत गेली होती, आणि तिने त्या भैरवी वकीलबाईंना पुरतं उचलून आणलं होतं. पदर सावरला, नसलेला चष्मा नाकावर सरकवला, आणि शहरी बारीक आवाज काढला: "'आजी, भांड्यांवर नाव कोणाचं आहे?' मी म्हनलं, दीपाचं. 'मग तिची वस्तू तिने परत नेली. त्यात नवऱ्याने काय दिलं?'" चष्मा काढला आणि आपल्या आवाजात म्हणाली, "मी त गपच झाली बापा. गोष्ट त खरी हाय."

"आन् थो कागद? सही केली ना हिनं?"

पुन्हा चष्मा. "'आजी, स्टॅम्पपेपरवर सही केली म्हणून पोटगीचा हक्क जात नाही. बैठकीच्या कागदाला कोर्ट घटस्फोट मानो की न मानो. मानला नाही, तर ती बायको आहे. मानला, तरी घटस्फोटित बाईला मिळते. दुसरं लग्न करेपर्यंत, आणि तिचं तिला भागत नसेल तर.' मी इचारलं, थे शिवते ना वो मॅडम? त म्हनते, 'शिवण्यात भागतं का? कोर्ट तिची कमाई बघेल, त्याची बघेल, मग ठरवेल. आणि लेकीचा खर्च तर लेकीचा आहे, आजी. तो आई पण माफ करू शकत नाही.'"

"म्हनजे," उकंडाजी हळूच म्हणाले, "मी जे बोललो थे..."

दीपमालाने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"मी साऱ्या समाजापुढं बोललो ना!" आता आवाज चढला, घरात, माइकशिवाय. "लोक काय म्हनतीन? उकंडा थुकला आन् उकंडानंच चाटलं! माह्या तोंडाले शेन लावून राह्यली तू! पोटगी म्हनजे भीक असते भीक! भिकाऱ्याले बी देतो, म्हनला नाही का थो?"

"थो म्हनला," दीपमाला म्हणाली. "मी कुठं म्हनलं?"

त्यानंतर उकंडाजींनी लेकीशी बोलणं टाकलं. तसं ते घरात बोलत नव्हतेच, पण आता न बोलण्यात जोर होता. टपरीवर जाणंही बंद झालं. गावभर खबर गेलीच होती. रस्त्याने जाताना मागून कोणी खोकलं तरी त्यांना वाटायचं, आता ते वाक्य येणार. आणि यायचंही. एका समारंभाला बोलावणं आलं, तेव्हा घसा बसला म्हणून कळवलं. लिंबाखालच्यांनी हात वर करण्याऐवजी तोंडावर धरला तर?

मग एका दुपारी अंगणवाडीच्या बसंतीबाई दारात उभ्या राहिल्या. बंजारा तांड्यावरची ठसठशीत बाई, बोलता बोलता आईला 'याडी' म्हणून हाक घालणारी. चार गल्ल्यांतली पोरं त्यांच्या एका हाकेने जमायची.

"काय जी उकंडाजी, नातनीले घरी काय शिकवता?"

"काहून? काय केलं पायलनं?"

"खिचडी खाऊन नाही राह्यलं लेकरू. हा हप्ता झाला." बसंतीबाईंनी पिशवी खाली ठेवली, एक हात कमरेवर घेतला, एक बोट वर केलं, आणि चार वर्षांच्या पोरीचा घसा रेतीवरून ओढला: "'आमाले तुमचा एक दाना नको!' अशी म्हनते जी! आन् बाकीचे पोट्टे टाया वाजवते. पयल्या दिवशी याडी वं, मी बी पोट धरून हासली. मंग पाह्यलं त थे दुसऱ्याच्या वाटीत पाहून थुका गिळून राह्यली. मी जवळ घेतलं. म्हनलं, काहून नाही खात वं माय? त म्हनते, आबा असे म्हनले त साऱ्याईनं टाया वाजवल्या."

बसंतीबाई हसत होत्या. उकंडाजींच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तशा थांबल्या आणि पिशवी उचलून, "सांगजा तिले," म्हणून निघून गेल्या.

पायल अंगणातल्या आलमारीमागे भातुकली मांडून बसली होती. उकंडाजी तिच्याकडे गेले नाहीत. टोपी घातली आणि कोर्टाच्या रस्त्याला लागले.

जाताना त्यांनी मनाशी एक तोड काढली होती. भैरवी वकीलबाईंच्या ऑफिसात खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी ती मांडली. "मॅडम, असं करता येते का... नातनीचं घ्या. लेकराचं आहे थे, बरोबर आहे. पन दीपाचं राहू द्या. म्हनजे माहा शब्द बी राह्यते."

भैरवीबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, दोन वेगळे हक्क आहेत. नातीचा तिचा, लेकीचा तिचा. तुमचा यात काहीच नाही."

"पन मी सोडला ना थो."

"तुमचा नव्हता तो, तर तुम्ही सोडलात कसा?"

उकंडाजींनी छताकडे पाहिलं. गिलावा बरा होता.

"राजदीपच्या वकिलाने मात्र तुमचाच आधार घेतलाय," त्या म्हणाल्या. "मुलीने आणि तिच्या वडिलांनी सर्वांसमक्ष, राजीखुशीने पोटगी नाकारली, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून तो व्हिडिओ दिलाय. तुम्ही पाहिला असेल."

पाहिला असेल! उकंडाजींना हसू आलं नाही.

वकीलबाईंनी तो मोठ्या कॉम्प्युटरवर लावला. ढोल नव्हता; हा मुळातला व्हिडिओ. तळहाताएवढ्या फोनमध्ये उकंडाजींना आजवर एकच माणूस दिसला होता. पडद्यावर सगळं अंगण होतं. अर्धवट भरलेली गाडी. आभाळाकडे पाहणारा काका. आणि मागे, भिंतीला लागून, बायांच्या रांगेत दीपमाला, मांडीवर पायल.

"आमाले तुमचा एक पैसा नको!" पडद्यातला उकंडाजी गरजला.

आणि मागे दीपमालाने हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा, कोपरातून. तोंड उघडलं. 'बा' एवढं ओठांवर दिसलं. तेवढ्यात पुढचे पुरुष टाळ्या वाजवत उभे राहिले आणि ती पांढऱ्या शर्टांच्या मागे गेली. लोक बसले तेव्हा तिचा हात खाली होता. मांडीवरची पायल तेवढी टाळ्या वाजवत होती.

"पुन्हा लावा," उकंडाजी म्हणाले.

त्यांनी पुन्हा लावला. हात वर गेला. पुन्हा शर्ट आडवे आले.

लिंबाखालच्या शेवटच्या माणसाला आवाज पोचला की नाही हे विचारल्याशिवाय हा माणूस कधी बोलला नव्हता. उकंडाजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. घसा साफ करायला गेले तर नुसती हवा आली.

"मले कोर्टात काय बोला लागन?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

दुसऱ्या दिवशी ते पायलचं बोट धरून अंगणवाडीत गेले. पोरं रांगेत बसली होती. गुडघे कुरकुरत असताना उकंडाजी त्या रांगेत, पायलच्या शेजारी, खाली बसले. बसंतीबाई पातेलं घेऊन आल्या. पायलचा हात कमरेवर जायला लागला होता.

"बाई," उकंडाजींनी दोन्ही हात पुढे केले, "मले भूक लागली. मले वाढा."

सगळी पोरं त्यांच्याकडे वळली. बसंतीबाई म्हणाल्या, "अहो, तुमाले..." आणि मग काय ते समजून त्यांनी एका पळसाच्या पानावर चमचाभर खिचडी वाढली. उकंडाजींनी ती खाल्ली. खिडकीतून एका पोराची आई पाहत होती. संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, की उकंडाजी पोट्ट्यांच्या रांगेत बसून मागून खाऊन राह्यले.

"आबा," पायल म्हणाली, "टाया नाही वाजवल्या कोनं."

"नाही वाजवत," ते म्हणाले. "खाय."

पायलने आजोबाच्या पानाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि वाटी पुढे केली.

कोर्टाची तारीख आली. आधी दीपमालाची साक्ष झाली होती, आज बापाची. शिपायाने पुकारा केला आणि उकंडाजी पिंजऱ्यात उभे राहिले. समोर माइक होता. त्यांचा हात टिचकी मारायला उठला आणि वाटेतच थांबला. खाली राजदीप मोबाइल उलटा धरून बसला होता. काकाही होता, कोर्टात खर्रा चालत नाही म्हणून पहिल्यांदाच समोर पाहत होता. मागच्या बाकावर देवराव. टपरी बंद करून आला होता. का आला होता ते सांगायला नको.

राजदीपचा वकील तरुण होता, आवाज तुपात तळलेला. "उकंडाजी, तुम्ही समाजातले नामवंत वक्ते. बरोबर?"

"लोक म्हनते."

"दिलेला शब्द तुम्ही कधी फिरवत नाही. बरोबर?"

"नाही फिरवत."

"मग बैठकीत, सर्वांसमक्ष, 'आम्हाला तुमचा एक पैसा नको' हे आपणच म्हणालात?"

मागून कोणीतरी फिसकलं. देवरावच असावा.

"म्हनलो."

"कोणी दबाव टाकला?"

"नाही. माह्याच तोंडानं म्हनलो."

"म्हणजे मुलीच्या वतीने..."

"थांबा," उकंडाजी म्हणाले. "थे तुमी लावून राह्यले मांगून. तिच्या वतीनं मले कोनं उभं केलं होतं? तिनं नाही केलं. मी तिले इचारलं नाही. भिकाऱ्याले बी देतो म्हनले हे," त्यांनी काकाकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली, "त मले लागलं. मले. माही इज्जत होती थे, मी वाचवली. पोट तिचं होतं, पोरीचं होतं. थे म्या सोडून देल्लं." ते वकिलाकडे वळले. "तिनं हात वर केलता, साहेब. तुमच्याच विडिओत हाय. पाहून घ्या. मले इतके दिवस दिसला नाही."

कोर्टात पंखा फिरत होता. एवढं बोलून आता टाळी पडणार नाही, पडायला नकोच, हे माहीत असूनही त्यांचे कान सवयीने मागे गेले. मग त्यांना त्याचीच लाज वाटली. मान खाली गेली ती खालीच राहिली.

वकिलाने कागद चाळले. राजदीपशी कुजबुज केली. मग न्यायाधीश साहेबांकडे वळून म्हणाला, की माझा अशील मोठ्या मनाने तडजोडीला तयार आहे. एकदाच एक ठोक रक्कम घ्यावी, आणि इथून पुढे काही संबंध ठेवू नये. वडील आजही इथे हजर आहेत, त्यांनी सांगावं.

साहेबांनी उकंडाजींकडे पाहिलं. राजदीपने पाहिलं, काकाने पाहिलं, देवरावने पाहिलं. उकंडाजींना ती नजर ओळखीची होती. बैठकीतही सगळ्यांनी त्यांच्याकडेच पाहिलं होतं. तोंडात शब्द तयार होते, दहा तऱ्हांचे.

"साहेब," ते म्हणाले, "मले नोका इचारू. थे बसली हाय."

दीपमाला उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. पुढे आली.

"एकदम नाही, साहेब." सुरुवातीला ऐकूच आलं नाही. साहेब म्हणाले, मोठ्याने बोला. तिने घसा साफ केला, आणि मागच्या बाकावरचा देवराव दचकून सरळ बसला. रेतीवरून फावडं ओढल्याचा तोच आवाज. "एकदम देल्लं त थे एकदमच संपते. मले दर महिन्याले पाहिजे. पायलचं येगळं लिहा, माहं येगळं लिहा. उद्या मी दुसरं लगन केलं त माहं बंद करा, तिचं नोका करू. आन् थे मागून राह्यली म्हनून मले कोनी भिकारी म्हनू नये. त्याच्या मंडपाच्या झालरी पाच वर्सं मी शिवल्या हाय."

कारकुनाने टाइप करता करता मान वर केली. एवढा आवाज या बाईत कुठे होता? माइक तिच्या समोर नव्हताच. बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या लोकांनी आत डोकावून पाहिलं. लिंबाखालच्यांपर्यंत सहज गेला असता.

पिंजऱ्यातच उभ्या असलेल्या उकंडाजींना ते सगळं ऐकू आलं. झालरींची गोष्ट त्यांना आजवर माहीत नव्हती. तीही त्यांनी कधी विचारली नव्हती.

साहेबांनी निकालासाठी पुढची तारीख दिली.

बाहेर पडताना काकाने व्हरांड्यात गाठलं. खर्रा आता गालात गेलेला होता, मान पुन्हा आभाळाकडे. "काहून उकंडाजी? आता फाहिजे वाटते फैसा?" देवराव बाजूला उभा होता, त्याच्या तोंडावर ते वाक्य आलेलं दिसत होतं. उकंडाजी थांबले. देवरावने एक हात कमरेवर नेला, उकंडाजींचा चेहरा पाहिला, आणि तो हात तसाच खिशात घातला. "चहा घेता का?" असं काहीतरी पुटपुटला. उकंडाजींनी मान हलवली आणि दोघांच्या मधून वाट काढून ते पुढे गेले.

दीपमाला गेटपाशी उभी होती. दोघं रस्त्याला लागले, ती एका कडेने, ते दुसऱ्या. पेट्रोल पंप गेला, पान टपरी गेली. शाळेतून सुटलेली दोन पोरं सायकलवरून गेली, एकाने मागे वळून बोट वर केलंच, "आमाले तुमचा...!" आणि पळाली. उकंडाजींचे कान लाल झाले. दीपमालाने न ऐकल्यासारखं केलं. त्यांना वाटलं आता बोलावं. खूप काही बोलावं. इतक्या मेलेल्या माणसांविषयी ते इतकं बोलले होते. त्यांनी घसा साफ केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"दीपा," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तुले भूक लागली का?"

ती चालता चालता थांबली. बापाने असं काही विचारल्याचं तिला आठवत नसावं.

"लागली," ती म्हणाली.